केनियात शूट, 34 जणांचं युनिट आणि औषधाचा डबा माझ्या गळ्यात. काय काय नेऊ?

कपडेपटवाली (कल्याण)

नमस्कार मंडळी. मी मूळची कॉश्च्युममधली, इस्त्री आणि सेफ्टी पिनांची माणूस. पण या वेळी बजेट कापताकापता "तू व्यवस्थित आहेस" म्हणत औषधांचं काम माझ्या गळ्यात घातलंय. ऑगस्टमध्ये केनिया, मसाई मारा. मुंबईहून 34 जण, 11 दिवस, मुक्काम तंबूंत. त्यातले दोन दिवस चालत्या जीपवरची मारामारी.

आत्तापर्यंत डब्यात आहे ते असं: क्रोसिन, ओआरएस, जुलाबाच्या आणि उलटीच्या गोळ्या, आयोडेक्स, बँडेज. आई म्हणते हळद ने. आमचा एक एडी (असिस्टंट डायरेक्टर) म्हणतो, हाफकिनची सापाची लस पाच-सहा बाटल्या बर्फात घालून नेऊ. हसू नका, मला खरंच माहीत नाही.

यलो फीव्हरची लस सगळ्यांना घ्यावीच लागते का? आणि मुख्य म्हणजे, तिकडच्या लाइन प्रोड्यूसरनं (शूटचा स्थानिक बंदोबस्त बघणारा) कोटेशनमध्ये "सेट मेडिक आणि गाडी" असा आकडा टाकलाय. आमच्या साहेबांना तो काढायचाय. "क्रोसिन द्यायला माणूस कशाला पाहिजे?" असं त्यांचं म्हणणं. काय सांगू त्यांना?

पॅकअप_काका (गोरेगाव, मूळ कोल्हापूर)

पोरी, तो आकडा काढू देऊ नकोस. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

मी 26 वर्षं प्रॉडक्शनमध्ये घासलीत. तुमच्या साहेबांचं वाक्य मी स्वतः एकदा बोललोय, त्याच मारामध्ये. तेव्हा लाइन प्रोड्यूसर हटून बसला म्हणून मेडिक आली. तिकडे क्लिनिकल ऑफिसर म्हणून डॉक्टरच्या खालोखालचं पद असतं, ती तशी होती. पहिले तीन दिवस बाई गाडीत बसून विणकाम करत होती आणि मी रोज तिच्या भत्त्याचा हिशोब मनात करून चडफडत होतो.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ. सूर्य उगवताना डीओपीला, म्हणजे मुख्य कॅमेरामनला, शॉट पाहिजे होता, म्हणून नाश्ता शॉटनंतर. मारा उंचावर आहे, पहाटे चांगलंच गारठतं. आमचे एक लाइटदादा, पन्नाशीचे, ॲपल बॉक्सवर (सेटवरचं लाकडी खोकं) बसून थरथरत होते. आम्हाला वाटलं थंडी. कुणी जॅकेट घातलं, कुणी शेकोटीजवळ सरकवलं. मी म्हटलं, "दादा, चहा येतोय." ते माझ्याकडे बघून हसले आणि भलतंच काहीतरी बोलले. गेलेल्या भावाशी बोलल्यासारखं. शर्ट घामानं चिंब. थंडीत घाम कसा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाई विणकाम टाकून आली. बोट टोचलं. मशीनवर शुगर 41, फारच कमी. तिनं आम्हाला विचारलं, हा काय गोळ्या घेतो, शेवटचं कधी जेवला? 30 माणसं उभी, एकालाही माहीत नाही. मग तिनं त्यांच्याकडे वाकून विचारलं, "सुकारी?" साखरेला स्वाहिलीत सुकारी म्हणतात, मधुमेहालाही तोच शब्द चालतो. दादांनी मान हलवली. घोट गिळता येतोय का ते तिनं आधी बघितलं, मग साखरेचं पाणी, मग ब्रेड. वीस मिनिटांत माणूस ओळखीचं बोलायला लागला.

नंतर कळलं ते असं. घरी ते सातला गोळी घेतात आणि लगेच पोहे खातात. तिथे कॉल लवकर, म्हणून गोळी पहाटे चारलाच घेतली. पोहे मात्र नाहीत. ग्लिमेपिराइडची, साखर उतरवणारी गोळी, तिचा अंमल बराच वेळ राहतो, म्हणून बाईनं त्यांना दिवसभर कामाला हात लावू दिला नाही आणि दर तासाला बोट टोचलं. माझ्या डब्यात क्रोसिनचे दहा पत्ते होते, ग्लुकोमीटर नव्हता.

तेव्हा हे कर:

साडेचारचा कॉल असेल तर सव्वाचारला प्रत्येकाच्या हातात केळं आणि बिस्किटं. शॉट गेला खड्ड्यात.

विम्याची पॉलिसी स्वतः वाच, एजंटच्या तोंडावर जाऊ नकोस. आमच्या दुसऱ्या एका शेड्यूलला फोकस पुलरचा (कॅमेऱ्याचा असिस्टंट) जीपवरून पडून घोटा मोडला. क्लेम केला तर उत्तर आलं, पॉलिसी पर्यटनाची आहे आणि हा माणूस काम करत होता. वर्गणी काढून ऑपरेशन केलं. परदेशात पगारी काम, गाडीवरचं काम, आधीपासूनचे आजार, या तिन्ही गोष्टी कागदावर दिसल्या पाहिजेत. नायक आणि कॅमेरा यांचा विमा चोख असतो गं, लाइटवाल्यांचा बघ.

आणि जीपची मारामारी सकाळी लाव. मारातल्या धावपट्ट्या मातीच्या, दिव्यांशिवायच्या. विषुववृत्ताजवळ साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो, ऑगस्ट असो की डिसेंबर. पाचला कुणी पडलं तर विमान येऊन जाईपर्यंत उजेड संपतो, मग रात्र तंबूत काढायची. "गोल्डन लाइट पाहिजे" म्हणून स्टंट संध्याकाळी ढकलतील, तेव्हा हे सांग.

डॉ_पंचवटी (नाशिक)

काकांचा किस्सा वाचून घाम फुटला. मुद्द्याचं सांगतो.

यलो फीव्हर: हो, सगळ्यांना. परत येताना आपल्या विमानतळावर कार्ड बघतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, मुंबईत सहारला एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे. मूळ पासपोर्ट लागतो. कार्ड लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, 2016 पासून तसा नियम आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. 34 जणांत असं एखादं निघतंच.

हाफकिनची लस मुळीच नेऊ नका. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. तिकडचे पफ ॲडर आणि ब्लॅक मांबा यांच्यावर त्याचा भरवसा नाही. शिवाय त्याची रिॲक्शन आली तर तंबूत कोण सांभाळणार? चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि माणूस लवकरात लवकर हॉस्पिटलात. गवतात जाणाऱ्यांना बूट, चपला बंद.

मलेरियाच्या गोळ्यांबाबत लोक फसतात. डॉक्सिसायक्लिन निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर 4 आठवडे घ्यायची असते. ती घेणाऱ्यांची त्वचा उन्हात लवकर भाजते, दिवसभर बाहेर असणाऱ्या युनिटनं हे लक्षात ठेवावं. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल परतल्यावर 7 दिवस. कुणाला कोणती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरनं ठरवायचं. माझ्याकडे एक साउंड असिस्टंट आला होता, परतून तिसरा आठवडा. घरी पोचल्या दिवशी गोळ्या बंद केलेल्या. "व्हायरल" म्हणून चार दिवस अंगावर काढले आणि रक्तात फाल्सिपारम, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया, निघाला. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरच्या टेबलासमोर बसल्याबसल्या पहिलं वाक्य: "मी आफ्रिकेहून आलोय."

इन्सुलिनवाले कुणी असतील तर ते हातातल्या बॅगेत. लगेजच्या डिकीत गोठून वाया जाऊ शकतं.

नैरोबीकर

औषधं पॉलिथिनच्या पिशव्यांत भरू नका ताई, इथे 2017 पासून बंदी आहे. कापडी पिशव्या शिवा, तुमचं तेच काम. संरक्षित जंगलांत जून 2020 पासून पाण्याच्या एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. मुंबईची युनिटं पेट्यांच्या हिशोबात येतात आणि गेटवर अडकतात. माणशी एक स्टीलची बाटली आणा, ठळक नावं घालून.

कपड्यांबद्दल: युनिट म्हटलं की सगळे काळ्या टी-शर्टमध्ये. त्सेत्से माशी काळ्या आणि निळ्या रंगावर येते, तिला पकडायचे सापळेसुद्धा त्याच रंगांच्या कापडाचे करतात. खाकी, मातकट रंग वाटा.

ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स या हवाई ॲम्ब्युलन्स सेवेची विमानं नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडतात. बाहेरून येणाऱ्यांसाठी थोड्या दिवसांचं सदस्यत्व मिळतं, ते सगळ्या 34 जणांचं काढा. ते नैरोबीपर्यंत आणतात, हॉस्पिटलचं बिल वेगळं. पार्कलँड्सला आगा खान हॉस्पिटल आहे, त्याचा नंबर रोजच्या कॉल शीटवर छापा. औषधाला इथे आपल्या "दवा"सारखंच "दावा" म्हणतात आणि दुकानाला "दुका", त्यामुळे अगदीच मुके होणार नाही तुम्ही.

जनरेटर_बाळू

सगळं बरोबर, पण काका, एक विचारू? निघायच्या आधी प्रॉडक्शन आजारांचा फॉर्म भरून घेतं, त्यावर शुगर आहे असं कोण लिहिणार? मी नाही लिहिणार. लिहिलं की पुढच्या आउटडोअरला नाव कटतं. तुमच्या त्या दादांना ठाऊक नव्हतं का सांगायचं असतं ते? माहीत होतं म्हणूनच नाही सांगितलं त्यांनी.

पॅकअप_काका

बाळू, खरंय तुझं. दादांनी मला विमानतळावर हेच सांगितलं. "साहेब, तुम्हीच यादी करता ना."

त्यानंतर मी पद्धत बदलली. कोरा कागद आणि पाकीट प्रत्येकाला. आजार, गोळ्या, वेळा, ॲलर्जी, रक्तगट, घरचा नंबर लिहायचं आणि स्वतः चिकटवायचं. पाकिटं थेट मेडिकच्या हातात. प्रॉडक्शननं उघडायची नाहीत, मीही नाही. शेवटच्या दिवशी ती ज्याची त्याला परत. पहिल्या खेपेला 30 पैकी नऊ जणांची शुगर किंवा बीपी निघालं असं बाई म्हणाली. नावं तिनं सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत.

मेडिक नसेल तर पाकीट द्यायचं कुणाला? हेच साहेबांना विचार, पोरी.

कपडेपटवाली (कल्याण)

आज मीटिंग झाली. अंधार आणि धावपट्टीचा मुद्दा ऐकून फाइट मास्टरच बोलले, "सकाळी नाही तर मी येत नाही." मेडिकचा आकडा राहिला. त्याबदल्यात हिरोच्या व्हॅनिटीतला एक माणूस कमी केलाय, त्यावरून भांडण चालू आहे, ते माझं नाही.

लसीसाठी याद्या करतेय. पाकिटं 34 आणलीत, खाकी. बाळूदादा, तुम्ही आमच्याच युनिटमध्ये आहात असा मला दाट संशय आहे. तुमच्या पाकिटाला डिंक जरा जास्त लावून ठेवते.