‘चालू आहे ना?’ऐवजी ‘काय दिसते?’
इंटरनेट बंद पडल्यावर मदतीसाठी फोन करणाऱ्या ग्राहकाला अडचण नेमकी सांगता येत नाही, हे तुमचे मत मला अर्धेच पटते. पुष्कळदा आपण मदत करणाऱ्यांच्या प्रश्नातच त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून वाट उरत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातील एका कारखान्यातून इंटरनेट बंद असल्याचा फोन आला, तेव्हा ‘राउटर चालू आहे ना?’ असे विचारून मी तो तीनदा बंद-चालू करायला लावला. अखेरीस ‘कोणते दिवे, कोणत्या रंगाचे दिसतात?’ असे विचारल्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकत असल्याचे कळले, म्हणजे प्रकाशाच्या रूपात इंटरनेट आणणाऱ्या फायबर केबलमधून प्रकाशच पोहोचत नव्हता, आणि तो दोष राउटर बंद-चालू करून जाणारा नव्हे. ‘शेवटचे नीट केव्हा चालले आणि त्यानंतर तिथे काय हलवले?’ हेही आता मी आवर्जून विचारतो, कारण त्या दिवशी कपाट सरकवताना केबल दबली होती.