मेसालामाइनचा एनिमा आत टिकत नाही

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा) डाव्या बाजूचा आहे, त्यावर मेसालामाइन हे सूज कमी करणारं औषध चालू आहे. एनिमा दहा मिनिटांत बाहेर येतो. गोळ्यांवरच भागेल का?

— शक्यतो एनिमा सोडू नका. नुसत्या गोळ्यांपेक्षा दोन्ही मिळून रक्त लवकर थांबतं. झोपण्यापूर्वी शौचाला जाऊन या, बाटली कोमट पाण्यात ठेवून नीट हलवा, डाव्या कुशीवर झोपून हळूहळू दाबा. थंड औषधाने कळ येते. अर्धा तास तसंच पडून राहा.

— तरीही टिकत नसेल तर डॉक्टरांना फोमबद्दल (हेच औषध फेसाच्या रूपात) विचारा. गोळी मात्र चावू किंवा फोडू नका, आवरण तुटलं की औषध वरच्या आतड्यातच सुटतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) अधूनमधून तपासा.

— दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. दिवसात सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि ताप असेल तर लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं औषध) अजिबात नको, थेट रुग्णालय गाठा.