तंबोऱ्याच्या घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, चर पडलाय. घरी घासू की मिरजेला नेऊ?

डोंबिवलीची_मुलगी

आईचा तंबोरा आठ वर्षांपासून माझ्याकडे आहे. मिरजेचा, बायकी म्हणजे बायकांच्या पट्टीचा, चार तारांचा. दिवाळीपासून जोडातल्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांतल्या, दुसऱ्या तारेचा आवाज बसलाय. तार बदलली, काही फरक नाही. तार आणि घोडीमधलं सूत मागेपुढे केलं तर एका जागी जरा उघडते, पण किरकिरते. आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नाहीच.

काल तार सैल करून बाजूला घेतली आणि मोबाईलचा टॉर्च घोडीवर आडवा धरला. सांबरशिंगाच्या पिवळट माथ्यावर, बरोबर तारेखाली, केसाएवढा बारीक चर दिसला. नख फिरवलं की अडकतं. कानस आणि पॉलिश पेपर आणून ठेवलाय, पण हात धजत नाही. एका दुकानात म्हणाले, फायबरची नवी घोडी बसवून देतो. मला ती बदलायची नाही. आई रोज पहाटे याच घोडीवर सूत लावत बसायची.

खर्जषड्ज

ताई, आधी कानस कपाटात ठेवा. मी मिरजेत कारागिरांच्या शेजारी बसून तीन-चार घोड्यांचं काम पाहिलंय, त्यावरून सांगतो.

घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अगदी किंचित उतार असतो. तार छेडली की त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून वरचे स्वर फुटतात, हीच जवारी. चर पडला की तार त्यात रुतून बसते, मग सूत कितीही सरकवा. तेवढाच चर घासलात तर खड्डा होईल. चराच्या तळापर्यंत अख्खा माथा उतरवावा लागतो, चारही तारांखालचा. कारागीर दोन हात घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. अर्धा दिवस सहज जातो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब स्वतःची जवारी स्वतः लावत, पण त्यांचा कान कसा होता ते आपण जाणतोच.

आज एक करून बघा. तार चरातून एक मिलिमीटर बाजूला, न झिजलेल्या शिंगावर सरकवा आणि सूत नव्याने लावा. बोलली तर दोष घोडीचाच.

सॅनहोजेकर

घरी करू नका. मी केलंय. भरड पेपरने तासभर घासलं आणि पंचमाची तार पत्र्यासारखी वाजायला लागली. पुढच्या भारतभेटीपर्यंत, दहा महिने, मी तंबोऱ्याच्या ॲपवर रियाज केला. नंतर कारागिराने शिंगाखाली पातळ पट्टी घालून उंची भरून काढली. तुमचं शिंग जाड उरलं असेल तर तेही लागणार नाही. आणि ती घोडी जपाच. वन्यजीव कायद्यामुळे सांबरशिंग आता विकत मिळत नाही.

डोंबिवलीची_मुलगी

सरकवली. सूत लावताना तिसऱ्या खेपेला तार एकदम उघडली आणि तिच्यातून गंधार ऐकू आला, स्वच्छ. खोलीतून मुलगा धावत आला, आजीचा तंबोरा म्हणाला.

शनिवारी कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेला जातेय. तारा पूर्ण उतरवून नेऊ का?

खर्जषड्ज

उतरवू नका, दोन-तीन स्वर सैल करा. भोपळ्याखाली जाड गोधडी घाला, आणि रात्रभर तुमच्याच बर्थवर, भिंतीकडच्या बाजूला ठेवा.