किशोरकुमारमधला नट आपण गमावला आणि कुणाला हळहळही वाटली नाही

रामबागकर (इंदूर):

४ ऑगस्ट जवळ आला की आपल्या इंदुरात किशोरकुमारच्या गाण्यांचे कार्यक्रम सुरू होतात. खंडवा जवळच, कॉलेज इथलंच, त्यामुळे किशोर आपला यावर कुणाचं दुमत नाही. पण या कार्यक्रमांत गाणी कुठली असतात? 'आराधना' (१९६९) नंतरची. राजेश खन्नाची, अमिताभची. किशोरने स्वतः पडद्यावर म्हटलेली गाणी दोन-तीन, तीही चवीपुरती.

माझं म्हणणं असं की १९५८च्या 'चलती का नाम गाडी'त जो नट दिसतो, तसा दुसरा हिंदी सिनेमात झाला नाही. नायकही तोच, विदूषकही तोच आणि गळाही त्याचाच. १९६९ नंतर आपण गायकाला असं डोक्यावर घेतलं की नट कधी निघून गेला हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत सचिनदेव बर्मन, गीतं मजरूह सुलतानपुरी. तीन भावांचं मोटार गॅरेज. थोरला ब्रिजमोहन (अशोककुमार) बॉक्सर, प्रेमात पोळलेला, म्हणून घरात बाईचं नाव काढायचं नाही. मधला जगमोहन (अनुपकुमार) भित्रा. धाकटा मनमोहन म्हणजे किशोर. पावसाळी रात्री रेणूची (मधुबाला) गाडी बंद पडते, मनमोहन ती दुरुस्त करतो आणि ती मजुरी न देताच निघून जाते. पाच रुपये बारा आणे. ते वसूल करायला तो तिच्यामागे लागतो आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

आता एक करा. 'एक लडकी भीगी भागी सी' आवाज बंद करून बघा. हात कामाला, नजर बोनटवर कमी आणि तिच्यावर जास्त. हातातलं हत्यार पत्र्यावर वाजतं ते ठेक्यात, पण कसरत केल्यासारखं नाही, कामाच्या ओघात. खांदे, भुवया, मान, सगळं तालात. तिला हसवायचंय, पण लाळघोटेपणा नाही. रेणू आधी वैतागलेली, मग हसू दाबणारी. ही जुगलबंदी चेहऱ्यांची आहे, आणि आवाज नसतानाही ती पुरी कळते. असं गाणं प्लेबॅकवर होत नाही. गळा एकाचा आणि अंग दुसऱ्याचं असलं की मध्ये केसभर फट राहतेच. इथे ती नाही.

असहमत असाल तर जरूर लिहा, पण सिनेमा बघून लिहा.

सराफ्याजवळ:

सिनेमा पाचव्यांदा बघून लिहितो आहे. असहमत.

१९८५ साली प्रीतीश नंदींनी 'इलस्ट्रेटेड वीकली'साठी घेतलेली किशोरची मुलाखत प्रसिद्ध आहे. त्यात तो स्पष्ट सांगतो की मला गायचं होतं, अभिनय कधीच करायचा नव्हता, सिनेमातून सुटका व्हावी म्हणून मी नाना उद्योग केले. ज्या माणसाला सैगलांसारखं गायचं होतं, त्याला थोरल्या भावाच्या, अशोककुमारच्या नावामुळे कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं. १९४८ला 'जिद्दी'त संगीतकार खेमचंद प्रकाशांनी गायला लावलं, आणि मग वीस वर्षं हा माणूस इतरांच्या मर्जीने उड्या मारत राहिला. 'आराधना'ने त्याची सुटका केली. तुम्ही म्हणता नट गेला. मी म्हणतो, गायक सुटला. फिल्मफेअरने आठ वेळा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक ठरवला, ते उगाच नाही.

आणि नट म्हणून त्याच्यावर इंडस्ट्रीचा तरी कुठे भरवसा होता? त्याच १९५८ साली 'रागिनी'त ओ. पी. नय्यरनी 'मन मोरा बावरा' पडद्यावर किशोरला दिलं आणि गायला रफीसाहेबांना बोलावलं. पुढच्या वर्षी 'शरारत'मध्ये 'अजब है दास्तां तेरी' पुन्हा रफी. तुमची ती 'केसभर फट' खुद्द किशोरच्याच चेहऱ्यावर पडली होती.

रामबागकर:

दादा, रफींच्या त्या दोन गाण्यांनी माझाच मुद्दा पक्का होतो. ती गाणी कानाला सुंदर आहेत, पण पडद्यावर किशोर त्यांत परका वाटतो. स्वतःच्या आवाजात गाताना तो कसा उसळतो, ते शेजारी ठेवून बघा.

मुलाखतीचं म्हणाल, तर माणूस काय म्हणाला यापेक्षा त्याने काय केलं ते मी बघतो. ज्याला अभिनय नको होता, त्याने १९६१ला 'झुमरू' केला, भूमिका स्वतःची आणि संगीतही स्वतःचं. १९६४ला 'दूर गगन की छांव में' दिग्दर्शित केला, नायक स्वतः, संगीत स्वतः, मुक्या मुलाच्या भूमिकेत पोटचा पोरगा. त्यात हसणं जवळजवळ नाहीच. यासाठी त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली होती? वैतागला होता तो दुसऱ्यांच्या सांगण्यावर नाचायला.

पलासिया गॅरेज:

नमस्कार मंडळी. वाचतो नेहमी, लिहीत नाही. पण गॅरेज निघालं म्हणून लिहितो, कारण वडिलांपासून आमचा हाच धंदा.

हिंदी सिनेमात मेकॅनिक दाखवतात तो गालावर काळा पट्टा ओढलेला हिरो असतो. पाना कसा धरायचा हेही माहीत नसतं. या तिघा भावांत घरच्या दुकानाचं नातं दिसतं. एक कामात, दुसरा गिऱ्हाइकाशी बोलतोय, थोरला आला की दोघे सरळ. आणि पाच रुपये बारा आण्यांसाठी इतकी वणवण का, असं लोक हसून विचारतात. अहो, रात्री उठून, पावसात काम केलं आणि गिऱ्हाईक तसंच गेलं तर काय वाटतं ते आम्हाला विचारा. किशोर ते पैसे मागतो तेव्हा आधी खरंच चिडलेला आहे, प्रेम नंतर येतं. ही गोष्ट मला फार आवडते. मी रामबागकरांच्या बाजूने.

सराफ्याजवळ:

पाच रुपये बारा आण्यांचा आपल्या ख्रिश्चन कॉलेजशी संबंध जोडतात, तेही सांगून टाका कुणीतरी. कॉलेजच्या कँटीनवाल्याची एवढीच उधारी किशोरकडे राहिली होती आणि तोच आकडा पुढे गाण्यात आला, असं इंदुरात सगळे सांगतात. कागद कुणी दाखवत नाही, पण मला ही गोष्ट खरी वाटते, कारण तो आकडाच गाण्यासारखा आहे.

मात्र एक हिशेब करा. मधुबाला ताऱ्यांची, बहारांची भाषा बोलते आणि हा मध्येच मजुरी मागतो, ही गंमत मजरूहांच्या लेखणीची आणि बर्मनदांच्या चालीची. 'भीगी भागी'ची मूळ प्रेरणा तर अमेरिकेतलं खाणकामगारांचं 'सिक्स्टीन टन्स'. सगळं श्रेय नटाच्या खात्यावर कसं टाकता?

रामबागकर:

'सिक्स्टीन टन्स' काढलंत ते बरं झालं. त्यात राबणारा मजूर मालकाच्या दुकानाच्या कर्जात बुडालेला आहे. इथे राबणाऱ्याचंच येणं बाकी आहे, आणि तो ते मागायला बंगल्यापर्यंत जातो. बर्मनदांनी ठेका घेतला, पण त्या गाण्याची जड पावलं हलकी झाली ती किशोरच्या अंगामुळे. तेच गाणं पडद्यावर दुसऱ्याला देऊन बघा मनातल्या मनात.

दादरहून इंदुरात:

"तसा दुसरा झाला नाही" हे वाक्य वाचून राहवलं नाही. भगवानदादांना विसरलात? १९५१चा 'अलबेला'! नायक, विदूषक, नाच, दिग्दर्शन, सगळं एका बुटक्या मराठी माणसाने केलं. 'शोला जो भडके', 'भोली सूरत' आजही वरातीत वाजतात आणि त्या स्टेप्स लोक आजही करतात. अमिताभच्या नाचातही भगवानदादा दिसतात. गळा चितळकरांचा (संगीतकार सी. रामचंद्र) होता, मान्य. पण तुमची ती फट मला तिथे कुठे दिसली नाही.

कारकिर्दीची हळहळ करायची तर आधी त्यांची करा. किशोरला दुसरं, मोठं आयुष्य मिळालं. दादा शेवटी दादरच्या चाळीत राहिले आणि मिळतील त्या किरकोळ भूमिका करत राहिले. मराठी माणसांनीच त्यांना विसरावं याचं वाईट वाटतं.

रामबागकर:

'अलबेला'पुढे मीही हात जोडतो. भगवानदादांचा नाच किशोरला जमला नसता. पण चितळकरांचा आवाज काढला की 'अलबेला' अर्धा होतो. 'हाफ टिकट'मध्ये 'आके सीधी लगी दिल पे' हे गाणं किशोर पुरुषाच्याही आवाजात गातो आणि बाईच्याही, आणि पडद्यावर बाईच्या वेषात प्राणला झुलवतो. तिथे नटापासून गळा वेगळा काढता येतच नाही. मी बोलतोय ते याबद्दल.

स्नेहलतागंजची मावशी:

मुलांनो, इतका वेळ वाचते आहे. नट, गळा, चाल, मजुरी सगळं झालं. मधुबाला "हसू दाबणारी" म्हणून एका ओळीत आटोपली.

विनोदात समोरचा माणूस कच्चा असला की हसवणारा उघडा पडतो. किशोर इतका सुटतो तो ती समोर आहे म्हणून. 'हाल कैसा है जनाब का' नीट बघा. डोळा बारीक करून ती नुसती मान वळवते आणि अख्खं कडवं तिचं होऊन जातं. 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये गुरुदत्तसमोर हेच केलं होतं तिने. १९५८ या एका वर्षात तिचे 'हावडा ब्रिज', 'काला पानी', 'फागुन' आणि हा, इतके सिनेमे लागले. हृदयाला जन्मापासून छिद्र असलेली बाई ही.

आणि मग १९६०ला 'मुगल-ए-आझम' आला आणि ती कायमची अनारकली झाली. साखळदंड, अश्रू. विनोदी नटी म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. किशोरचं नटपण तो जिवंत असताना बाजूला पडलं, त्याच्या हाती दुसरं काही होतं. तिला छत्तिसाव्या वर्षी, १९६९च्या फेब्रुवारीत नेलं. त्याच वर्षी 'आराधना' आला आणि तुम्ही गायकावर भांडत बसलात. वाया गेलेली विनोदी कारकीर्द मोजायची तर पहिली हिची मोजा.

दादरहून इंदुरात:

मावशी, १००% सहमत.

सुदामानगर२००१:

मी नव्या पिढीतला, मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. नट गेला नाही, तो आवाजात शिरला. 'खइके पान बनारसवाला' ऐका. तोंडात पान असल्यासारखे शब्द, मध्येच किंचाळणं, ठसका. अमिताभने पडद्यावर केलं ते किशोरने माईकसमोर आधीच केलं होतं.

आणि पुरावा हवा तर 'पडोसन' (१९६८) बघा. सुनील दत्त खिडकीत तोंड हलवतो आणि लपून गातो कोण? किशोर, सिनेमातल्या गोष्टीतसुद्धा! 'आराधना'च्या एक वर्ष आधी त्याने आपलं पुढचं आयुष्य पडद्यावर करून दाखवलं. त्यामुळे रामबागकर काका, हळहळ कशाची करायची?

रामबागकर:

'पडोसन' आणलास हे फार बरं केलंस. आता सांग, त्या खिडकीच्या प्रसंगात तू कुणाकडे बघतोस? दत्तसाहेबांकडे की विद्यापतीकडे, म्हणजे किशोरकडे? तोंडात पान, डोळ्यांत काजळ, मानेवर केस, आणि गाताना हात असे फिरतात की नायक नजरेतून जातो. पुढची अठरा वर्षं त्याने गायलेल्या प्रत्येक गाण्यात तो माणूस मला दिसेनासा झाला आहे. राजेश खन्नाला ते गाणं शोभलं, अमिताभला शोभलं, मान्य. पण किशोरने ते कसं उभं केलं असतं, हे आता कधी कळणार नाही. माझी हळहळ त्याची आहे.

मावशींचं म्हणणं मात्र मनापासून मान्य. त्या गाण्यांत दोघं निम्मे-निम्मे आहेत.

आमच्या मंडळाचा यंदाचा कार्यक्रम ठरवायचा आहे. मी सुचवणार आहे की पहिल्या भागात फक्त किशोरने स्वतः पडद्यावर केलेली गाणी घ्यायची: 'ईना मीना डीका', 'बाबू समझो इशारे', 'झुमरू'चं शीर्षकगीत, 'चील चील चिल्लाके', 'आ चल के तुझे', 'एक चतुर नार'.

सराफ्याजवळ:

मध्यंतरापर्यंत श्रोते बसले तर बघू. दुसऱ्या भागाची सुरुवात 'रूप तेरा मस्ताना'ने करा, टाळ्या कशाला जास्त पडतात ते तिथेच कळेल. मी येणार आहे.

स्नेहलतागंजची मावशी:

यादीत 'हाल कैसा है जनाब का' नाही. ते घाला, आणि मागे पडदा लावून चित्र दाखवा. नुसतं गायचं असेल तर मी येत नाही.