मदत हवी आहे : वेबसाइट इंटरॅक्टिव्ह केली, लोक थांबतात पण बोलत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही मापानुसार लाकडी शेल्फ बनवून देतो. वेबसाइटचा मजकूर, फोटो आणि येणाऱ्या चौकशांना उत्तरं देणं माझ्याकडे आहे. कोडिंग मला येत नाही, ते काम बाहेरचा डेव्हलपर करतो.

आधी आमची साइट म्हणजे फोटोंचा अल्बम आणि तळाशी फोन नंबर एवढंच होतं. मग ठरलं की ती इंटरॅक्टिव्ह करायची. आता पहिल्या पानावर गोल फिरणारं थ्रीडी मॉडेल आहे, 'तुम्हाला कोणतं शेल्फ शोभेल' अशी क्विझ आहे, कोपऱ्यात चॅटची खिडकी आहे आणि माप, रंग, फळ्यांची संख्या निवडून स्वतःचं शेल्फ जुळवायचं टूल आहे.

लोक पानावर पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात, हे आकड्यांत दिसतं. चौकशा मात्र होत्या तेवढ्याच. फोन करणारे पहिल्यापासून सगळं सांगायला लागतात, जणू टूल त्यांनी पाहिलंच नाही. मालकांचं म्हणणं, वेळ वाढलाय म्हणजे दिशा बरोबर आहे, आता पॉइंट्स आणि एखादा खेळ घालूया. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते मुद्देसूद मांडता येत नाहीये.

एक प्रसंग सांगते. कारखान्यात आलेल्या एका ताईंना मी म्हटलं, तुमच्या फोनवर आमचं टूल वापरून बघाल का? मी शेजारीच बसले. त्यांनी रुंदीच्या स्लायडरवर अंगठा ठेवला आणि सरकवला, तर अख्खं पानच वर गेलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी स्लायडर हलला, पण हवं ते माप काही केल्या येईना. मग त्यांनी रंग बदलला. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही, म्हणून परत दाबलं, आणि निवडलेला रंग निघून गेला. तरी त्या चिकाटीने शेवटपर्यंत गेल्या. तिथे पाटी आली : 'अंदाजे किंमत पाहण्यासाठी नाव, फोन आणि ईमेल भरा.' त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "एवढं सगळं मी सांगितलं, आता तुम्ही काहीतरी सांगा ना."

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

यातलं काय ठेवावं, काय काढावं? वेळ मोजायचा नाही तर काय मोजायचं? आणि छोट्या व्यवसायात अशा साइटमुळे ग्राहकांशी असलेलं नातं खरंच बदलल्याचा कुणाला अनुभव आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

मी फ्रंटएंडचं, म्हणजे साइटच्या दिसणाऱ्या भागाचं काम करतो, त्यामुळे आधी तांत्रिक बाजू. तुम्ही शेजारी बसून पाहिलंत हे फार चांगलं केलंत, निम्मं निदान त्यातच झालंय.

रंग दाबल्यावर काहीच न होणं हा दोष तातडीने काढा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही लागू पडतात. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला वाटतं हे आपल्या हातानेच झालं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. गूगलने मार्च २०२४ पासून पानाच्या प्रतिसादाचं 'आयएनपी' हे माप पानं जोखायच्या मुख्य निकषांत घेतलंय आणि त्यात २०० मिलिसेकंदांपर्यंतचा प्रतिसाद चांगला धरतात. नवं चित्र तयार व्हायला वेळ लागणार असेल तर निदान दाबलेलं बटण लगेच उठून दिसू दे.

स्लायडरबद्दल : जिथे बोटाने ओढावं लागतं तिथे न ओढता तेच काम करायची सोय हवी, असं ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या (साइट सगळ्यांना वापरता येण्याच्या) मानकात स्पष्ट आहे. माप टाकायची चौकट आणि अधिक-उणे अशी दोन बटणं द्या. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ते गरजेचं आहेच, पण बसमध्ये उभं राहून एका हाताने फोन वापरणाऱ्यालाही त्याचा तेवढाच उपयोग.

फिरणारं मॉडेल पहिल्या पानावरून काढा. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त हलणारी गोष्ट मजकुराच्या शेजारी असेल तर ती थांबवता आली पाहिजे, हा त्याच मानकातला जुना नियम. आणि पान जड होतं ते वेगळंच.

प्रतिसाद २

मालकांना दाखवायला एक मुद्दा. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये भेट १० सेकंदांहून जास्त टिकली तरी ती 'एंगेज्ड' (रस घेतलेली) धरली जाते. म्हणजे तुमच्या ताई स्लायडरशी झगडत होत्या, ती भेटही तिथे यश म्हणूनच नोंदली गेली असणार. वाढलेला वेळ रस असल्याचाही असतो आणि अडकल्याचाही. आकडा एकच.

त्याऐवजी टप्पे मोजा. टूल उघडलं किती जणांनी, पहिलं माप निवडलं किती जणांनी, किमतीच्या पाटीपर्यंत किती पोचले, तिथून पुढे किती गेले. हे इव्हेंट, म्हणजे टप्प्यांच्या नोंदी, लावायला डेव्हलपरला फार वेळ लागू नये.

पण याहून महत्त्वाचं सांगतो. लोक टूलमध्ये काय निवडतात ते कधी वाचलंय का? जुनी वेबसाइट फक्त बोलायची. १९९५ मध्ये वेबवरचे फॉर्म एचटीएमएल २.० या पानं लिहायच्या भाषेच्या मानकात आले आणि त्याच वर्षी पानाला प्रतिसाद द्यायला लावणारी जावास्क्रिप्ट ही भाषा आली. अशा सोयींमुळे वाचणाऱ्यालाही पानाशी बोलता येऊ लागलं. बहुतेक कंपन्या बटणं लावतात आणि पलीकडे ऐकायला कुणाला बसवत नाहीत. टूलला नाकारावी लागलेली मापं जरूर पाहा.

प्रतिसाद ३

माझं मत थोडं वेगळं. टूल काढून टाका आणि फोन नंबर मोठा करा. मापाचं काम शेवटी बोलूनच होतं.

प्रतिसाद ४

वरच्या मताशी असहमत. फोन करायला संकोचणारे खूप लोक असतात, त्यांना आधी एकट्याने चाचपून पाहायचं असतं. आपण जुळवलेल्या वस्तूबद्दल माया वाटते हेही खरं आहे. नॉर्टन, मोचॉन आणि अरिएली यांच्या २०१२ मध्ये छापून आलेल्या संशोधनात याला 'आयकिया इफेक्ट' म्हटलंय. त्यातली अट मात्र विसरू नका : काम पूर्ण झालं तरच ती माया लागते, अर्धवट राहिलं तर नाही. तुम्ही नेमकं शेवटच्या पायरीवर दार लावताय.

माझा नियम साधा आहे, आधी द्या, मग मागा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर बोलीभाषेची एक क्विझ आली होती. प्रत्येक उत्तरानंतर लगेच नकाशा दिसायचा, तुमच्यासारखं कुठे बोलतात. वर्ष संपायला जेमतेम दहा दिवस उरलेले असताना आलेली ती क्विझ त्या वर्षातली त्यांच्या साइटवरची सर्वांत जास्त पाहिली गेलेली गोष्ट ठरली. तुमची क्विझ शेवटी काय देते? 'तुम्हाला ओक शोभेल' एवढंच सांगत असेल तर तिचा कुणाला काय उपयोग?

किंमत उघडी दाखवा. त्याखाली जुळणीला एक क्रमांक द्या. तो क्रमांक सांगून माणसाने फोन केला की तुमच्यासमोर त्याचं शेल्फ उघडलेलं असेल, पहिल्यापासून सांगायची वेळच येणार नाही. आणि चॅटची खिडकी उत्तर द्यायला माणूस असेल तेवढाच वेळ उघडी ठेवा. उत्तर न येणारी खिडकी विश्वास घालवते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभराने लिहितेय, कारण दुसऱ्या प्रतिसादात सांगितल्याप्रमाणे मापं काढून बघितली.

आमच्या टूलमध्ये किमान रुंदी ६० सेंमी ठेवली होती. त्याखालचं काही निवडलं की लाल अक्षरात 'अवैध माप' येतं. आणि लोक निवडत होते ४५, ४०, ३५, पुन्हा ४०. एकाच भेटीत चार-चार वेळा, आणि मग निघून गेलेले. यादी वाचताना मला फार वाईट वाटलं. इतकी माणसं एकच गोष्ट मागत होती आणि आम्ही त्यांना चूक ठरवत होतो.

सुतारकाका म्हणाले, ही मापं दाराच्या मागच्या जागेची किंवा कपाट आणि भिंतीमधल्या फटीची असणार. ३५ पर्यंत करून देता येईल, फक्त उंच आणि अरुंद शेल्फ पुढे कलंडू शकतं, म्हणून भिंतीला पक्कं करावंच लागेल. ६० ची अट का घातली होती विचारलं, तर उत्तर आलं की जुन्या दरपत्रकात त्याखालचं माप नव्हतं म्हणून.

मालकांनी यादी पाहिली आणि खेळाचा विषय स्वतःहून बाजूला ठेवला. किंमत आता उघडी आहे, जुळणी क्रमांक सुरू झालाय, मॉडेल आतल्या पानावर गेलंय. क्विझ तूर्त बंद.

दोन शंका आहेत. लोकांनी निवडलेलं असं नोंदवणं योग्य आहे का? आणि किमान मापाच्या पाटीवर आता काय लिहावं?

प्रतिसाद २ (पुन्हा)

नुसती मापं, कुणाची ते न जोडता ठेवत असाल तर मला ते रास्त वाटतं, पण तसं गोपनीयतेच्या पानावर सरळ शब्दांत लिहा. नाव, फोन, ईमेल मात्र 'पाठवा' दाबण्याआधी अजिबात नोंदवू नका. काही टूल टाइप करता करताच सगळं उचलतात, डेव्हलपरला हे विचारून खात्री करा. युरोपातले ग्राहक असतील तर २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा वाचावाच लागेल.

धागाकर्ती

विचारलं. आमच्याकडे तसं होत नाही, आता लेखीही घेते.

'अवैध माप' काढून हे लिहिलंय : 'एवढं अरुंद शेल्फ भिंतीला स्क्रूने पक्कं करावं लागतं. चालेल का?'

प्रतिसाद ४ (पुन्हा)

हेच ठेवा. खाली दोन बटणं द्या, 'चालेल' आणि 'आधी बोलायचंय'. दुसरं दाबणाऱ्यांना त्याच दिवशी फोन करा.