आईच्या सीटी स्कॅनमध्ये डावीकडे दोनऐवजी एकच शीर, अब्लेशनचं काय?

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, दोन वर्षांपासून एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास. धडधड सुरू झाली की देवघरापुढच्या पाटावर गप्प बसून राहते, कुणाला सांगत नाही. गोळ्यांनी भागेना, म्हणून अब्लेशन ठरलं, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयातली गडबडीची जागा गोठवून किंवा जाळून बंद करणं. डॉक्टर आधी म्हणाले, बलूनने गोठवून करू. सीटी बघितल्यावर बेत बदलला. फुप्फुसातून येणाऱ्या डावीकडच्या दोन शिरा तिच्यात आधीच जुळून एकाच जाड खोडाने हृदयात शिरतात, म्हणून रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे उष्णतेने जाळून करायचं. आई तेव्हापासून म्हणतेय, "माझं काळीजच वाकडं निघालं." हा दोष आहे का? बलून चालतच नाही का?

उत्तर १
ताई, मी कॅथलॅबमध्ये (जिथे असे हृदयाचे उपचार नळी घालून करतात) टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण अशी खोडं आम्ही नेहमी बघतो. आजार नव्हे, जन्मजात ठेवण आहे ती. काहींना उजवीकडे तिसरी जादा शीर असते.

एएफ पेटवणारे भरकटलेले ठोके बहुतेक याच शिरांमधून निघतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवलं. म्हणून शिरेच्या तोंडाभोवती कुंपण घालायचं, एवढंच काम. गोठवायचा नेहमीचा बलून २८ मिलिमीटरचा. खोडाचं तोंड त्याहून रुंद किंवा लांबट असलं की कडेला फट राहते, आणि फटीतून ठोके पुन्हा निसटतात. काही डॉक्टर एकेका फांदीत बलून लावून जमवतात, त्यामुळे चालतच नाही असं नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीत मात्र पडद्यावर नकाशा काढून ठिपक्याला ठिपका जोडत जातात, तोंड कसंही असो. वेळ जास्त लागतो. तोंडाचं माप किती आलं, तेवढं विचारून घ्या.

उत्तर २
आईंना सांगा, माझी ठेवण त्यांच्याहून तिरपागडी! पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर माझ्यात मध्येच तुटलेली. रक्त पाठीकडच्या अझायगस शिरेने वर जाऊन वरूनच हृदयात उतरतं. माझ्या अब्लेशनच्या वेळी जांघेतून घातलेली वायर भलतीकडे जायला लागली तेव्हा कळलं. छातीच्या सीटीत आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी तसंच बाहेर काढलं. राग आला, खोटं कशाला बोलू. पण रेटलं नाही हे बरंच केलं. दुसऱ्यांदा दुसरीकडे, मानेतल्या शिरेतून केलं. वरून आलं की हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात सुई घालायचा कोन अवघड होतो म्हणे. गळ्याची पट्टी बघून शेजारच्या काकू थायरॉइडची चौकशी करून गेल्या.

एक सांगतो. अब्लेशननंतर १९व्या दिवशी एसटीत पुन्हा धडधडलं आणि मी हबकलो. पहिले दोनेक महिने असं होऊ शकतं, तेवढ्याने फसलं म्हणायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने बंद करू देऊ नका.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवलं. "म्हणजे खोड एक, फांद्या दोन, दारच्या शेवग्यासारखं," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. सोमवारी माप विचारते.