ग्रीनलँडिकच्या नामांना ‘अनियमित’ का म्हणायचं?

शब्दवेल्हाळ:
ग्रीनलँडिक (कलाल्लिसुत) शिकवताना काही नामांवर सरसकट ‘अनियमित’ असा शिक्का मारला जातो. तो काढावा, असं माझं ठाम मत आहे. ‘इल्लू’ म्हणजे घर, अनेकवचन ‘इल्लुत’, नुसता त लागला. पण ‘ननोक’ (ध्रुवीय अस्वल) याचं ‘नन्नुत’ होतं, ‘मेरक’ (मूल) याचं ‘मेक्कत’, आणि आपल्या ओळखीच्या ‘कयाक’चं ‘कान्नत’. शेवटचा घशातला क गळतो आणि आत जोडव्यंजन येतं. यात मनमानी कुठे आहे? जुन्या भाषेतल्या वेगवेगळ्या व्यंजनांच्या जोड्या पश्चिम ग्रीनलँडमध्ये हळूहळू एकसारख्या झाल्या, त्याचा हा माग आहे. १८५१ मध्ये व्याकरण लिहिणाऱ्या सॅम्युएल क्लाइनश्मिटच्या लेखनपद्धतीत अशा जुन्या जोड्या बऱ्याच दिसायच्या. १९७३ च्या सुधारणेनं उच्चाराप्रमाणे लिहायला सुरुवात झाली आणि तो माग पुसट झाला. २००९ पासून ही देशाची एकमेव राजभाषा आहे. ती शिकू पाहणाऱ्या डॅनिशभाषक माणसाला पहिल्याच धड्यात ‘इथे नियम नाही’ असं का सांगावं?

रोखठोक:
पूर्ण असहमत. ‘किम्मेक’ म्हणजे कुत्रा, अनेकवचन ‘किम्मित’. ‘एर्नेक’ म्हणजे मुलगा, अनेकवचन ‘एर्नेरित’. दोन्ही -एक नेच संपतात. एकात क गळाला, दुसऱ्यात त्याचा र झाला. शब्दाकडे बघून कुठला कसा चालेल ते सांगा बरं! इतिहास मलाही आवडतो, पण दुकानात बोलताना तो हाताशी नसतो. जे ओळखता येत नाही ते पाठच करावं लागतं, आणि पाठ करावं लागणाऱ्याला अनियमित म्हणणं हाच प्रामाणिकपणा. डॅनिशवरून आलेल्या ‘बीली’चं (मोटार) मात्र सरळ ‘बीलित’ होतं.

शब्दवेल्हाळ:
मग मराठीत भिंत–भिंती आणि वाट–वाटा? दोन्ही अकारान्त, दोन्ही स्त्रीलिंगी. बघून कळत नाही, तरी यातला एकही शब्द आपण अनियमित म्हणत नाही.

रोखठोक:
म्हणत नाही, कारण आपण ते आईच्या तोंडून ऐकलंय. परप्रांतातून आलेल्या सहकाऱ्याला मराठी शिकवून बघा. ‘वाटी लागली’ ऐकलं की कळेल त्याचं दुःख.

ओवी_ना:
दोघांच्या मधे पडते. क गळणारी नामं, क चा र होणारी, आत जोडव्यंजन येणारी, असे गट पाडले की शिकणाऱ्याला निदान आधार मिळतो. आणि पाठांतर वाटतं तितकं अफाट नाही. ‘कान्नत’ लक्षात ठेवलंत की ‘कान्नप’ (कयाकचा) आणि ‘कान्नमी’ (कयाकमध्ये) आपोआप येतात, तेच अंग (ज्याला प्रत्यय लागतो तो शब्दाचा भाग) पुढे चालतं.

रोखठोक:
हे मान्य. पण मग शब्दकोशात प्रत्येक नामापुढे अनेकवचन छापलंच पाहिजे. नुसतं ‘कयाक’ देऊन भागणार नाही.